वडगाव बु॥, वडगाव खु॥

सिंहगड रस्त्यावर बसची वाट पाहत उभी होते. शेजारी एक आजी आणि तिची सात-आठ वर्षांची नात. नात समोरची पाटी मोठ्यानं वाचत होती : ‘वडगाव बु॥’. त्या दोन उभ्या दांड्यांपाशी अडली आणि म्हणाली, “बु म्हणजे काय गं?”

“बुद्रुक.”

“बुद्रुक म्हणजे?”

आजी जरा थांबली. “थोरलं. पलीकडं धाकटं आहे ना, खुर्द.”

कोशातही याहून नेमका अर्थ सापडणार नाही. बुद्रुक हा मुळातला फारसी बुजुर्ग. मराठी तोंडात शिरल्यावर ‘र’नं जागा बदलली, तो बुजरुक झाला आणि पुढे बुद्रुक. माणसासाठी आपण तोच शब्द घेतला तेव्हा मात्र बुजुर्ग तसाच ठेवला. म्हणून घरातली थोर मंडळी बुजुर्ग आणि थोरलं गाव बुद्रुक. खुर्दही फारसीच, अर्थ लहान. हातातल्या सुट्या नाण्यांना खुर्दा म्हणतात, तो याच घरातला. ही अशी जोडी लावण्याची पद्धत आपल्याकडेच आहे असं नाही. पंजाबात ती कलाँ आणि खुर्द अशी लागते, कर्नाटकात हिरे आणि चिक्क. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, कारभारातल्या कितीतरी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. पण गावांच्या शेपटांना लागलेले बुद्रुक-खुर्द जागचे हलले नाहीत. थोरलं-धाकटं हे आपले शब्द भावंडांकडे आणि जावांकडे राहिले.

ही शेपटं लागली का, ते पाहण्यासारखं आहे. वडाचं झाड जिथे-तिथे, म्हणून वडगावंही जिथे-तिथे. पण एकाच शिवारात दोन वडगावं होतात ती वाढीमुळे. गावात माणसं मावेनाशी झाली, भाऊबंदकी झाली किंवा पाण्याची सोय दिसली, की काही घरं ओढ्यापलीकडे जाऊन राहत. शेताची जमीन ती काळी आणि घरांची जागा ती पांढरी, अशी आपली जुनी वाटणी. पलीकडे नवी पांढरी उभी राहिली की दप्तरात एका नावाखाली दोन नोंदी होत आणि कारकुनाला सांगावं लागे, थोरलं कुठलं नि धाकटं कुठलं. मला ही शेपटं फार मोलाची वाटतात ती यासाठी. त्यांत आकडा नाही, पण तुलना आहे. कुणी माणसं मोजायला येण्याच्या कितीतरी आधी माणसं वाढली, फुटून निघाली आणि पुन्हा वसली, याची ती नोंद आहे.

मोजणीला आपण खानेसुमारी म्हणत होतो. खाना म्हणजे घर, शुमार म्हणजे गणती. आधी घरं मोजायची. मग शिरगणती आली, म्हणजे डोकी. जनगणना हा त्यामानानं अलीकडचा शब्द. २००१च्या जनगणनेत पुणे महापालिकेच्या हद्दीत सुमारे २५ लाख ३८ हजार माणसं होती, २०११मध्ये ३१ लाख २४ हजार. त्याच दहा वर्षांत पिंपरी-चिंचवड १० लाख १२ हजारांवरून १७ लाख २७ हजारांवर गेलं. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही चार गावं एकत्र करून १९७० साली तिथे नगरपालिका झाली होती. वाढीचा वेग मधल्या पेठांत नव्हता, तो अशा एकेकाळच्या गावांत होता.

या वाढीत थोरलं-धाकटं उलटंपालटं झालं. १९०० साली धोंडो केशव कर्व्यांनी हिंगण्याच्या माळावर झोपडी बांधून आपला आश्रम तिथे नेला. ते हिंगणे बुद्रुक. पुढे त्या माळाभोवती जे नगर वसलं त्याला कर्व्यांचं नाव मिळालं, ते योग्यच झालं. पण थोरलं हिंगणं आता बहुतेक जमिनीच्या कागदांवरच उरलंय. मुठेपलीकडचं धाकटं हिंगणे खुर्द आपल्या नावानिशी नांदतंय. बावधनचंही तसंच. खुर्द शहरात आधी आलं. बुद्रुक २०२१ साली २३ गावं महापालिकेत घेतली तेव्हा आलं. त्या २३ गावांच्या यादीत शेवाळेवाडी, जांभूळवाडी, भिलारेवाडी अशा वाड्याच वाड्या आहेत. वाडी म्हणजे मुळात वाटिका, कुंपण घातलेली जागा. मोठ्या गावापासून सुटून शेतावर राहिलेली चार घरं. आता वाड्यांतही लिफ्टच्या इमारती उभ्या आहेत.

नव्या संकुलांच्या जाहिरातींतून बुद्रुक आणि खुर्द गळत चाललेत याचं मला वाईट वाटतं. आंबेगाव एवढंच छापतात. शेपूट गावठी वाटत असेल. पण खरेदीखतात ते एक अक्षर चुकलं तर जमीन दुसऱ्या गावची होते, कारण दोन्ही आंबेगावांचे सर्व्हे नंबर वेगवेगळे चालतात. आणि ते अक्षर पाटीवरून गेलं, की आपल्या आधी इथे कोण वाढलं, कोण ओढा ओलांडून गेलं, हे विचारायला त्या नातीला जागाच उरणार नाही.

यांतली बहुतेक गावं ज्या तालुक्यात मोडतात त्याचं नाव हवेली. नाव ऐकून मोठा वाडा डोळ्यांसमोर येतो. जुन्या महसुली भाषेत मात्र मुख्य ठाण्यालगतच्या मुलखाला हवेली म्हणत. अरबीत हवाली म्हणजे आसपास, भोवताल. शहर पसरत गेलं तसतसा हा भोवतालच शहर होत गेला, तालुक्याचं नाव तेवढं तसंच राहिलं.

बस आली. आजीनं नातीचा हात धरला आणि वर चढता चढता कंडक्टरला म्हणाली, “गावात जायचंय. दीड तिकीट, मंडई.”

नातीनं मागे वळून पाटीकडे पाहिलं. “आजी, गाव तर हे आहे ना?”