एक टाका, नऊ टाके

वस्तू पुरवून कशी वापरायची, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. इंग्रजीतही त्यावर म्हणी आहेत. आज त्यातल्या दोन म्हणींची गोष्ट ऐकूया.

पहिली म्हण जुनी, 'अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन'. वेळेवर घातलेला एक टाका पुढचे नऊ टाके वाचवतो. टॉमस फुलर यांच्या १७३२ सालच्या म्हणींच्या संग्रहात ती सापडते.

दुसरी आहे 'मेक डू अँड मेंड', म्हणजे आहे त्यात भागवा, दुरुस्त करून वापरा. ती ब्रिटनमध्ये घरोघरी पोचली दुसऱ्या महायुद्धात. कारखान्यांना सैनिकांचे गणवेश आधी शिवायचे होते. बाहेरून कापूस, लोकर आणायला जहाजं अपुरी पडत होती. म्हणून १ जून १९४१ पासून कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं मिळाली. लोकरीच्या एका झग्याला ११ कुपनं लागत, बायकांच्या बुटांच्या जोडाला ५. वर पैसेही मोजावे लागत ते वेगळेच! पुढे कुपनं आणखी कमी झाली.

१९४३ साली सरकारनं याच नावाची पुस्तिका काढली. कोपरावर ठिगळ लावा, जुना स्वेटर उसवून त्याच लोकरीचा नवा विणा, असे सल्ले दिले. चादर मधे विरली की बायका ती उभी कापत आणि धड राहिलेल्या कडा मधे घेऊन पुन्हा शिवत.

हे सगळं करणारे हात बहुतेक बायकांचेच होते. त्यातल्या कितीतरी जणी दिवसभर कारखान्यात राबून रात्री सुई हातात घेत. कुपनं सगळ्यांना सारखी, पण श्रीमंतांच्या कपाटात आधीचे भारी कपडे होते. गरिबाघरचं विरलेलं कापड टाका तरी कुठवर धरणार? युद्ध १९४५ साली संपलं, कपड्यांचं रेशनिंग मात्र मार्च १९४९ पर्यंत चाललं.

म्हण वाचलेले नऊ टाके मोजते. टाका घालणारीचा वेळ मोजत नाही. आपल्या गटाच्या वहीतही फक्त रुपये लिहिलेले असतात. येत्या बैठकीत एक करूया. महिनाभरात घरातलं काय काय शिवलं, सांधलं, पुन्हा वापरात आणलं आणि त्याला किती तास लागले, हे प्रत्येकीनं सांगायचं. तीही आपली बचतच आहे. ती एकदा वहीत लिहूया.