'दो आंखें बारह हाथ' व औंधचें स्वतंत्रपूर

इ. स. १९५७ मधील 'दो आंखें बारह हाथ' हा बोलपट सर्वश्रुत आहे. दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा ग. दि. माडगूळकर यांची. सहा खुनी कैदी, त्यांजवर विश्वास टाकणारा तुरुंगाधिकारी व त्यांच्या श्रमानें पिकलेलें माळरान, एवढेंच कथासूत्र. त्यास राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालें; १९५८ सालीं बर्लिन येथील महोत्सवांतही त्याचा गौरव झाला.

ही कथा केवळ कविकल्पित होय, असा समज आढळतो. तो बरोबर नाहीं. औंध संस्थानांत, आटपाडीनजीक, श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधि यांच्या कारकीर्दींत स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली. पोलिश अभियंता मॉरिस फ्रायडमन यांची तीस प्रेरणा होती. कैदी तेथें कुटुंबासह राहून शेती करीत. माडगूळकरांचें बालपणही याच मुलखांत गेलें.

तथापि काव्य व इतिहास यांतील भेद राखला पाहिजे. बोलपटांतील अधिकाऱ्याचा करुण अंत हा रसपरिपोष होय. तो स्वतंत्रपूरच्या वृत्तांतास प्रमाण नव्हे. कथेंतील अधिकारी मरतो. खरी वसाहत मात्र १९४८ सालीं संस्थान विलीन झाल्यावरही टिकली. आमच्या मतें हें वृत्त बोलपटाहूनही अधिक धीर देणारें आहे.

म्हणून सनदा-बखरी जमविणाऱ्या मित्रांस आमची विनंति कीं, आटपाडी-औंधकडील घरांतून स्वतंत्रपूरविषयीं पत्रें, जमाखर्च वा छायाचित्रें आढळल्यास तीं रद्दींत जाऊं देऊं नयेत. बोलपटाच्या प्रती पुष्कळ आहेत. अस्सल कागद एकदां गेला कीं गेला.