झिजलेल्या टोकाची पट्टी

स्मरणिकेसाठी संपादक मंडळाचा फोन आला तेव्हा सूचना एकच होती : "तू जन्मभर भिंगं घासलीस, त्याबद्दल लिही. पण आम्हाला कळेल असं लिही." म्हणून आमच्या व्यवसायातली सर्वांत गाजलेली चूक सांगतो. ती घडली अमेरिकेत, पण ती समजायला आपल्या शाळेची प्रयोगशाळा पुरेशी आहे.

खिडकीजवळचं ते लांब टेबल आठवा. अंतर्वक्र आरसा स्टँडवर लावायचा, मैदानापलीकडच्या चिंचेची उलटी प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर घ्यायची आणि नाभीय अंतर मोजायचं. आमच्या गटातल्या आठही जणांची उत्तरं तंतोतंत जुळली. आम्ही खूश. सरांनी काही न बोलता लाकडी पट्टी उचलली आणि तिचं टोक दाखवलं. शून्याच्या बाजूचं लाकूड झिजून गेलं होतं. प्रत्येकाचं अंतर तीन मिलिमीटर जास्त आलं होतं. सर म्हणाले, "तुम्ही आरसा आठ वेळा नाही मोजलात. पट्टीची चूक आठ वेळा उतरवून काढलीत." त्या दिवसापासून आपण शून्याऐवजी दहाच्या खुणेपासून मोजायला लागलो.

आता हबल दुर्बिणीकडे येऊ. तिचा मुख्य आरसा २.४ मीटर व्यासाचा. कनेक्टिकट राज्यातल्या डॅनबरी इथे पर्किन-एल्मर कंपनीत १९७९ ते १९८१ या काळात त्याला घासून-पुसून आकार दिला गेला. असा आरसा साध्या गोलाच्या वक्रतेचा नसतो. मध्यापासून कडेकडे जाताना त्याची वक्रता हळूहळू बदलते. हा बदल डोळ्यांनी दिसत नाही आणि पट्टीने मोजता येत नाही. त्यासाठी 'नल करेक्टर' नावाचं उपकरण वापरतात. दोन लहान आरसे आणि एक भिंग यांची ती ठरावीक अंतरावर बसवलेली जुळणी असते. त्यातून प्रकाश मोठ्या आरशावर सोडायचा आणि परत आलेल्या प्रकाशाचे व्यतिकरण पट्टे पाहायचे. पट्टे सरळ दिसले, की आकार बरोबर. वाकडे दिसले, तर तेवढी जागा पुन्हा घासायची. थोडक्यात, आरसा घासणारा माणूस आरशाला या उपकरणाशी जुळवून घेत असतो. उपकरण म्हणेल तेच खरं.

आणि उपकरणच चुकलं होतं. त्यातलं भिंग किती अंतरावर बसवायचं हे ठरवायला इनव्हार या मिश्रधातूची एक मोजकांडी होती. तिच्या टोकावर प्रकाश पाडून अंतर घ्यायचं. टोकावर एक टोपण होतं, त्याला बारीक छिद्र होतं आणि बाकीच्या पृष्ठभागावर प्रकाश परावर्तित होऊ नये म्हणून काळा रंग लावला होता. एका जागी तो रंग उडाला. प्रकाश कांडीच्या टोकावरून परतण्याऐवजी टोपणावरूनच परतला आणि भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं. ते बसवताना स्क्रूची फिरत अपुरी पडली, तेव्हा कामगारांनी साधे वॉशर घालून ती भरून काढली. भिंग इतकं लांब का न्यावं लागतंय, हा प्रश्न तिथेच अडायला हवा होता. तो अडला नाही.

आरसा अप्रतिम घासला गेला, पण चुकीच्या आकाराला. कडेला तो हवा त्यापेक्षा सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट झाला. केसाच्या जाडीचा हा जेमतेम पन्नासावा भाग. २४ एप्रिल १९९० रोजी दुर्बीण अवकाशात गेली आणि २७ जूनला नासाने जाहीर केलं की आरशात गोलीय विपथन आहे. ताऱ्याचा बहुतेक प्रकाश एका ठिपक्यात जमण्याऐवजी भोवती विस्कटत होता.

ल्यू ॲलन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने चौकशी केली. डॅनबरीत ते उपकरण होतं तसंच जुळवलेलं राहिलं होतं, म्हणून १.३ मिलिमीटरची चूक प्रत्यक्ष मोजता आली. पण अहवालातली मला सर्वांत झोंबलेली गोष्ट वेगळीच होती. आणखी दोन साधनांनी त्या काळात चूक दाखवली होती. ती कमी अचूक आहेत, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं. भरवसा एकाच पट्टीवर ठेवला गेला.

झोंबण्याचं कारण सांगतो. हे इतकी वर्षं मी कुणाला सांगितलेलं नाही.

१९८८ साली मी एका लहान कारखान्यात भिंगांच्या तपासणीवर होतो. कारखान्यांत यंत्राच्या सुट्या भागांची मोठी सावली पडद्यावर पाडून मापं घेतात, त्या प्रोफाइल प्रोजेक्टरसाठी दीडशे भिंगांचं काम आलं होतं. आमची कसोटी म्हणजे टेस्ट प्लेट. भिंग तिच्यावर ठेवायचं आणि न्यूटनची वलयं मोजायची. वलयं कमी म्हणजे वक्रता जुळली. जुन्या प्लेटला ओरखडा गेल्यामुळे आम्ही नवी करून घेतली होती. सगळी भिंगं तिच्याशी सुरेख जुळत होती. नुकतीच डिप्लोमा होऊन आलेली एक मुलगी माझ्या हाताखाली होती. तिने स्फेरोमीटर लावून पाहिला आणि म्हणाली, "साहेब, आकडा वेगळा येतोय." मी तिला सर्वांसमोर सुनावलं, "प्लेट प्रकाशाच्या लहरीने मोजते, तुझा स्फेरोमीटर स्क्रूने. कुणाचं ऐकायचं?" ती गप्प बसली. मी सही केली.

दीड महिन्याने सगळी भिंगं परत आली. नवी प्लेटच चुकली होती. साहेबांसमोर मी म्हणालो, "नजरचुकीने राहिलं." ती तिथेच उभी होती. तिने काहीच म्हटलं नाही. वर्षभरात ती नोकरी सोडून गेली.

दोन वर्षांनी हबलची बातमी वाचली. रंग उडालेल्या टोपणापर्यंत आलो, तेव्हा मला आपल्या प्रयोगशाळेतली पट्टी दिसली. धडा मी चौदाव्या वर्षीच शिकलो होतो. फक्त तो सांगणारी व्यक्ती माझ्याहून लहान होती, म्हणून ऐकला नाही. तिचा पत्ता शोधून पत्र लिहिलं, सरळ माफी मागितली. दोन ओळींचं उत्तर आलं : "पत्र मिळालं. आता मीही तपासणीवरच आहे." ते पत्र अजून माझ्याकडे आहे.

हबलची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. चूक नेमकी मोजता आली होती, म्हणून तिच्या नेमकी उलट चूक मुद्दाम घडवता येत होती. चष्म्याचं तत्त्व तेच. जेम्स क्रॉकर या अभियंत्याला जर्मनीतल्या हॉटेलात आंघोळ करताना दांडीवर सरकणारा शॉवर दिसला आणि लहान आरसे तसेच हातांवर बसवून प्रकाशाच्या वाटेत आणायची कल्पना सुचली. त्यातून 'कोस्टार' हे उपकरण झालं. त्याचे आरसे नाण्याएवढे. डिसेंबर १९९३ मध्ये एन्डेव्हर यानातून गेलेल्या अंतराळवीरांनी पाच वेळा बाहेर पडून ते बसवलं, शिवाय दुरुस्ती अंगातच असलेला नवा कॅमेराही बसवला. जानेवारी १९९४ मध्ये स्वच्छ छायाचित्रं आली. पुढची सगळी उपकरणं आपापली दुरुस्ती घेऊनच गेली, आणि २००९ साली कोस्टार उतरवून परत आणला.

ही दुरुस्ती शक्य झाली, कारण हबल तेव्हा पृथ्वीपासून जेमतेम सहाशे किलोमीटरवर होती. आपल्या पुण्यातल्या आयुकात तयार झालेली 'सूट' दुर्बीण २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य एल-१ यानातून निघाली. ती आता सुमारे १५ लाख किलोमीटरवरून अतिनील किरणांत सूर्य न्याहाळते आहे. तिथे वॉशर बदलायला कुणी जाऊ शकत नाही. तिच्यासारख्या उपकरणाची चूक सापडायची असेल तर ती जमिनीवरच सापडली पाहिजे.

मी आता निवृत्त आहे. अधूनमधून तंत्रशिक्षणाच्या मुलांना शिकवायला बोलावतात. पहिल्या दिवशी मी त्यांना टोक झिजलेली एक पट्टी देतो आणि टेबल मोजायला सांगतो. सगळ्यांची उत्तरं जुळतात, ती खूश होतात. एखाद-दुसरा खिशातून स्वतःची टेप काढून पुन्हा मोजतो आणि बिचकत म्हणतो, "सर, माझं वेगळं येतंय." मग मी सगळ्यांना थांबवतो आणि आधी त्याचं ऐकतो.

सर, मेळाव्याला तुम्ही येणार असं कळलं. ती लाकडी पट्टी शाळेत अजून कुठे असेल, तर मला एकदा हातात घ्यायची आहे.