अंकपल्लवी आणि सकळ लिपी

अहिल्यानगर जिल्ह्यातील घोडेगाव ज्या नेवासे तालुक्यात आहे, तेथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि त्याच गोदाकाठच्या टापूत वावरलेल्या महानुभाव पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीत, म्हणजे अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर वा चिन्ह योजणाऱ्या सांकेतिक लिपीत, बंद केले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी ती उलगडली; प्राचीन मराठी गद्याच्या अभ्यासावर त्यांचे हे ऋण फार मोठे आहे.

अंकपल्लवीत, म्हणजे अक्षरे अंकांनी मांडण्याच्या जुन्या पद्धतीत, रूपांतराचा नियम सकळ लिपीपेक्षा अधिक उघड दिसतो. वर्णमालेचे स्वर, कवर्ग, चवर्ग असे आठ वर्ग धरून पहिला अंक वर्गाचा, दुसरा त्यातील अक्षराचा आणि तिसरा बाराखडीतील स्वराचा मानला, तर ‘घो’साठी २४९ येतात आणि घोडेगाव हे नाव २४९, ४३७, २३२, ७४१ असे लिहिले जाते. औ, अं, अः यांचे क्रमांक दोन अंकी असल्याने अक्षरांमध्ये खूण राखावी लागते, एरवी उलट वाचन संदिग्ध होते. जोडाक्षरांसाठी मात्र वेगळा संकेत ठरवावा लागतो, कारण या तीन अंकांत त्यांना जागा नाही.