डब्यात परत न टाकलेली चिठ्ठी : व्हीव्हीपॅट पडताळणीमागील गणित

मतमोजणी आटोपत आली की निवडणूक निर्णय अधिकारी उमेदवारांच्या किंवा त्यांच्या प्रतिनिधींच्या समक्ष मतदान केंद्रांचे क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकतो, डबा हलवतो आणि पाच चिठ्ठ्या काढतो. त्या पाच केंद्रांवरील व्हीव्हीपॅटमधील कागदी चिठ्ठ्या हाताने मोजून मतदान यंत्रातील आकड्यांशी ताडल्या जातात. पूर्वी प्रत्येक विधानसभा मतदारसंघात एकाच केंद्राची पडताळणी होत असे. सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०१९ रोजी ही संख्या पाच केली. गोव्याला हा विषय नवा नाही. २०१७ च्या विधानसभा निवडणुकीत सर्वच्या सर्व ४० मतदारसंघांत व्हीव्हीपॅट वापरणारे ते देशातील पहिले राज्य होते.

काढलेली चिठ्ठी डब्यात परत टाकली जात नाही, आणि हिशेब बदलतो तो इथेच. फासा टाकताना मागच्या दानाचा पुढच्या दानावर परिणाम होत नाही. डब्यातून मात्र प्रत्येक चिठ्ठीगणिक उरलेल्या चिठ्ठ्यांची संख्या आणि त्यांतील प्रमाण दोन्ही बदलतात.

गोव्यातील एका मतदारसंघात साधारण चाळीस केंद्रे असतात. त्यांपैकी चार केंद्रांवरील यंत्रांत आकडे जुळत नाहीत, असे केवळ उदाहरणापुरते धरू. पहिली चिठ्ठी निर्दोष केंद्राची निघण्याची संभाव्यता ३६/४०. ती तशी निघाली, तर दुसऱ्या वेळी ३५/३९, मग ३४/३८, ३३/३७ आणि ३२/३६. या पाचांचा गुणाकार सुमारे ०.५७३ येतो. दुसऱ्या वाटेनेही उत्तर तेच मिळते : चाळिसांतून पाच निवडण्याचे प्रकार ६,५८,००८ आणि छत्तीस निर्दोष केंद्रांतून पाच निवडण्याचे ३,७६,९९२, त्यांचे गुणोत्तर घ्यायचे. संख्याशास्त्रात या मांडणीला हायपरजॉमेट्रिक वितरण म्हणतात. म्हणजे चारांपैकी निदान एक दोष सापडण्याची शक्यता ४२.७ टक्के. प्रत्येक चिठ्ठी परत टाकली असती, तर ती ४१ टक्के भरली असती, कारण एकच केंद्र पुन्हा निघून एक संधी वाया गेली असती.

शेवटच्या चिठ्ठीला दोषी केंद्र निघण्याची शक्यता पहिलीपेक्षा कमी किंवा जास्त असते, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. आधीच्या चार चिठ्ठ्या उघडून पाहिल्या नसतील, तर पाचवीसाठीही ती दहात एक इतकीच राहते.

खरा पेच मतदारसंघाच्या आकारात आहे. मोठ्या राज्यांत तीनशेहून अधिक केंद्रांचे मतदारसंघ सर्रास आढळतात. तीनशेपैकी तीस केंद्रे, म्हणजे तेच दहा टक्के, सदोष असतील, तर पाच चिठ्ठ्यांत निदान एक दोष सापडण्याची शक्यता ४१.२ टक्के, चाळीस केंद्रांच्या मतदारसंघाहून फारशी वेगळी नाही. परंतु तीनशेपैकी चारच केंद्रे सदोष असतील, तर ती ६.५ टक्क्यांवर घसरते. एकच केंद्र असेल, तर गोव्यात १२.५ टक्के आणि तिथे दोनांहूनही कमी. २०२२ मध्ये सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला होता. इतक्या निसटत्या लढतीत एक केंद्रही निर्णायक ठरू शकते, आणि तेवढ्यापुरते पाहिले तर साडेबारा टक्के ही मोठी शाश्वती नव्हे. चारांपैकी एक तरी दोष ९५ टक्के खात्रीने सापडावा, यासाठी चाळिसांतून २१ केंद्रे तपासावी लागतील. तीनशेत तीस दोष असतील, तर फार तर २९ पुरतात. लहान मतदारसंघात निम्म्याहून अधिक आणि मोठ्यात जेमतेम दहावा हिस्सा, हे उत्तर प्रथमदर्शनी उलटे वाटते, पण बरोबर आहे.

न्यायालयासमोर निवडणूक आयोगाने भारतीय सांख्यिकी संस्थेतील तज्ज्ञांच्या अहवालाचा आधार घेतला होता. देशभरातील दहा लाखांहून अधिक यंत्रांतून ४७९ तपासली तरी पुरे, असा त्याचा आशय. गणितात चूक नाही : दोन टक्के यंत्रे सदोष असती, तर ४७९ च्या नमुन्यात एकही न सापडण्याची शक्यता दहा हजारांत एकापेक्षाही कमी. मात्र त्यात संपूर्ण देश हा एकच डबा मानला आहे. निकाल लागतो तो एकेका मतदारसंघाचा, आणि प्रत्येक मतदारसंघाचा डबा वेगळा असतो. प्रश्न देशाचा की मतदारसंघाचा, हे ठरवल्याशिवाय ४७९ पुरेसे की अपुरे, हा वाद निरर्थक राहतो.

२६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली व पाच केंद्रांचा नियम कायम ठेवला. त्याचबरोबर दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना निकालानंतर सात दिवसांत लेखी मागणी करून विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांची मेमरी तपासून घेण्याची मुभा दिली. इथे संख्येऐवजी टक्केवारी आली. तीनशे केंद्रांच्या क्षेत्रात ती पंधरा यंत्रे होतात, चाळीस केंद्रांच्या क्षेत्रात दोन. शिवाय ही यंत्रे उमेदवार स्वतः निवडतो. डबा नाही, चिठ्ठी नाही, त्यामुळे वरील हिशेब त्यांना लागू होत नाही.