सोपाऱ्याचे पोवळे, वसईचे मीठ आणि काचेच्या टाकीतील प्रवाळ : लेश मूलद्रव्यांच्या कल्पनेचा इतिहास

प्रवाळाचा रंग टिकावा, किंबहुना वाढावा, म्हणून घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत आयोडीन, स्ट्राँशियम, लोह, मँगॅनीज, जस्त इत्यादी द्रव्यांचे थेंब नेमाने सोडण्याची रीत गेल्या काही दशकांत जगभर रूढ झाली आहे. मुंबई व तिच्या उत्तरेकडील वस्त्यांतील छांदिष्टही तिचे अनुसरण करतात. ह्या रीतीच्या मुळाशी असलेली कल्पना अशी की, प्रवाळाचा रंग हा पाण्यातील अत्यल्प धातूंपासून येतो, आणि टाकीतील पाण्यात ते धातू निसर्गातील प्रमाणात राखले म्हणजे रंगही निसर्गातल्यासारखा येतो. ही कल्पना आली कोठून, आणि ज्या आकड्यांवर ती उभी आहे ते आकडे किती भरवशाचे होते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी वसई-विरारचा प्रदेश निवडला आहे, तो केवळ स्थानिक अभिमानामुळे नव्हे. प्रवाळाच्या व्यापाराचा अतिप्राचीन पुरावा आणि समुद्राच्या पाण्यातून द्रव्ये वेगळी करण्याचा जुना उद्योग, ही दोन्ही सूत्रे येथे एका तालुक्याच्या हद्दीत सापडतात.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक नाविक-वृत्तात पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांच्या यादीत ‘सौप्पारा’ हे नाव आले आहे. आजचे नालासोपारा ते हेच. त्याच ग्रंथात बॅरिगाझा म्हणजे भडोच येथे उतरणाऱ्या आयात मालात प्रवाळाची गणना आहे. मुझिरिसच्या आयातीतही ते आहे. हे प्रवाळ आपल्या समुद्रातले नव्हे, भूमध्य समुद्रातले तांबडे पोवळे होय. रोमन स्त्रियांना हिंदी मोत्यांचे जेवढे अप्रूप तेवढेच हिंदुस्थानातील पुरुषांना पोवळ्याचे, अशा आशयाची नोंद प्लिनीने केली आहे. ह्या मागणीमुळे खुद्द उत्पत्तिस्थानी पोवळे दुर्मिळ झाले, असेही तो सांगतो. पुढे पोर्तुगीज अमदानीत हाच व्यापार गोव्याच्या मार्गाने चालू राहिला, आणि सतराव्या-अठराव्या शतकांत लिव्होर्नोचे व्यापारी पोवळ्याच्या मोबदल्यात गोव्याहून हिरे नेत.

ह्या दीर्घ व्यापाराचा आपल्या भाषेवर जो ठसा उमटला तो ध्यानात घेण्याजोगा आहे. मराठीत ‘पोवळे’ म्हटले की तांबडा रंग डोळ्यांपुढे येतो. ओठांची उपमा तीच, नवरत्नांतील मंगळाचे रत्न तेच. परंतु हा रंग मेलेल्या प्राण्याच्या सांगाड्याचा आहे. प्रवाळभित्ती बांधणाऱ्या प्रवाळांचा सांगाडा पांढरा असतो, आणि त्यांचा रंग जिवंत ऊतींत असतो. म्हणजे ‘प्रवाळाचा रंग’ हा एकच शब्दप्रयोग दोन सर्वस्वी भिन्न गोष्टींना लावला जातो. पोवळ्याचा तांबडेपणा लोहामुळे येतो, असे पुष्कळ काळ मानले जाई. पुढील पृथक्करणांत मात्र तो कॅरोटिनॉइडांशी नाते सांगणाऱ्या सेंद्रिय रंगद्रव्यांमुळे येतो असे दिसून आले. रंग म्हटला की धातू शोधायचा, ही सवय रंगरेजाच्या व काचकाराच्या धंद्यातून रसायनशास्त्रात आली असावी असा माझा तर्क आहे. टाकीवाल्यांच्या थेंबांतही तीच सवय दिसते.

आता मिठाकडे वळू. नायगाव, वसई आणि खाडीपलीकडचे भाईंदर ह्या पट्ट्यातील मिठागरे उल्हास नदीच्या मुखाशी वसली. भरतीचे पाणी बांध घालून अडवायचे, उथळ वाफ्यांतून एकामागून एक पुढे सरकवायचे, आणि उन्हाने व वाऱ्याने ते आटू द्यायचे, ही आगरी लोकांची पिढीजात विद्या. तिच्यात जे घडते ते रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने बारकाईने पाहावे. सुमारे तीन बोमे अंशांचे समुद्रजल आटू लागले की आधी चुन्याचा कार्बोनेट खाली बसतो. तेरा अंशांच्या सुमारास जिप्सम बसू लागते. पंचविसाच्या आसपास साधे मीठ. एकोणतीस-तीस अंशांना पोहोचलेले कडवट पाणी आगरी टाकून देतो, कारण त्यापुढे मॅग्नेशियमचे क्षार मिठात उतरून त्याची चव बिघडवतात. ह्या क्रमाचा पद्धतशीर अभ्यास उसिग्लिओ ह्याने १८४९ साली भूमध्य समुद्राचे पाणी आटवून केला. आगरी लोकांना तो क्रम हाताच्या अनुभवाने ठाऊक होता.

तेव्हा मिठागरातील मीठ म्हणजे आटवलेला समुद्र नव्हे. चुना वाटेत राहिला. मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि ब्रोमाइड ह्यांचा मोठा हिस्सा कडवट पाण्याबरोबर गेला. असे मीठ गोड्या पाण्यात विरघळवून खारेपणा बरोबर छत्तीस वा पस्तीस सहस्रांशांवर आणला, तरी त्यात प्रवाळ जगणार नाही. ज्या कडवट पाण्याला टाकाऊ म्हटले त्याच जातीच्या पाण्यात, माँपेल्ये येथील खाऱ्या दलदलीच्या द्रवात, बालार ह्याला १८२६ साली ब्रोमीन सापडले. त्याआधी १८११ साली कूर्त्वा ह्याला सागरी शेवाळाच्या राखेत आयोडीन मिळाले होते. समुद्रातील अल्पप्रमाण द्रव्यांचा शोध असा पाण्यातून थेट लागला नाही. ज्या ठिकाणी ती गोळा होतात तेथे, कधी मिठागराच्या उरलेल्या पाण्यात तर कधी सजीवांच्या देहात, तो लागला. फोर्खहामर ह्या डॅनिश रसायनज्ञाने १८६५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हीच युक्ती जाणीवपूर्वक वापरली. पाण्यात जे सापडत नाही ते त्याने शिंपल्यांत, शेवाळांत आणि प्रवाळांत शोधले, व प्रवाळाच्या सांगाड्यात त्याला चांदी, तांबे, शिसे ह्यांचे अंश मिळाले. प्रवाळ आणि लेश मूलद्रव्ये ही जोडी वैज्ञानिक वाङ्मयात प्रथम जुळली ती येथे. मात्र सांगाड्यात एखादा धातू सापडणे आणि प्राण्याला त्याची गरज असणे ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हा भेद पुढील शंभर वर्षे अनेकांनी पाळला नाही.

घरात समुद्र ठेवण्याची हौस ह्याच सुमारास इंग्लंडात सुरू झाली. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक जलजीवालय उघडले. त्याच्याशी निगडित असलेल्या फिलिप गॉस ह्याने कृत्रिम समुद्रजल तयार केले, ते श्वाइट्झर ह्याच्या १८३९ च्या पृथक्करणावरून. त्याने साधे मीठ, मॅग्नेशियमचे दोन क्षार आणि पोटॅशियम क्लोराइड एवढी चारच द्रव्ये घेतली. ब्रोमाइड आणि चुना अत्यल्प म्हणून त्याने गाळले, आणि चुना टाकीतील शिंपल्यांतून मिळेल असे मानले. त्याची टाकी काही काळ चांगली चालली, पण तिच्यात समुद्रपुष्पे व शेवाळे होती, भित्ती बांधणारे प्रवाळ नव्हते. १८७२ ते १८७६ च्या ‘चॅलेंजर’ सफरीतून आणलेल्या ७७ नमुन्यांचे डिटमार ह्याने केलेले पृथक्करण १८८४ साली प्रसिद्ध झाले, आणि समुद्रातील प्रमुख द्रव्यांचे परस्परप्रमाण सर्वत्र जवळजवळ स्थिर असते हे सिद्ध झाले. १९४० साली लायमन आणि फ्लेमिंग ह्यांनी दिलेले कृत्रिम समुद्रजलाचे सूत्र ह्याच परंपरेतले. आज पाकिटातून मिळणाऱ्या सागरी मिठांचे कुळ हेच आहे.

प्रमुख द्रव्यांचा हा पाया भक्कम होता. एका किलोग्रॅम समुद्रजलात कॅल्शियम सुमारे ४१० मिलिग्रॅम, ब्रोमाइड ६७, स्ट्राँशियम ८ च्या जवळपास, बोरॉन साडेचार, हे आकडे आजही फारसे हललेले नाहीत. लेश धातूंचे मात्र तसे झाले नाही, आणि ह्या इतिहासातला खरा नाट्यमय भाग तोच आहे. पहिल्या महायुद्धानंतर फ्रिट्झ हाबर ह्याने जर्मनीची युद्धखंडणी समुद्रातील सोन्याने फेडण्याचा बेत केला. जुन्या पृथक्करणांवर विसंबून त्याने जहाजांवर प्रयोगशाळा नेल्या. अखेर सोने अपेक्षेहून शेकडो पटींनी कमी निघाले. जुने आकडे सदोष पृथक्करणांचे होते. हा धडा त्या वेळी सोन्यापुरताच घेतला गेला. लोह, तांबे, जस्त, शिसे ह्यांचे आकडे पाठ्यग्रंथांत लिटरला मायक्रोग्रॅमच्या मापात छापले जात राहिले. १९७० नंतर क्लेअर पॅटरसन व त्याच्या पाठोपाठ इतर संशोधकांनी नमुना घेण्याची बाटली, जहाजाची दोरी, प्रयोगशाळेतील धूळ ह्या सर्वांपासून नमुना अलिप्त राखण्याची तंत्रे बसवली, तेव्हा उघड झाले की आधी मोजले गेले ते मुख्यतः जहाजाचे लोखंड आणि हवेतील शिसे होते. खुल्या समुद्राच्या पृष्ठभागाजवळ लोहाचे प्रमाण पुष्कळदा लिटरला मायक्रोग्रॅमच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी असते.

ह्याचा टाकीतील थेंबांशी संबंध उघड आहे. १९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग ह्याने जिवंत खडक व हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ जगवण्याची आपली ‘नैसर्गिक पद्धती’ प्रसिद्ध केली. जर्मनीत पेटर विल्केन्स ह्याने चुन्याच्या निवळीचा वापर रूढ केला, आणि १९९४ साली हान्स-व्हर्नर बालिंग ह्याने कॅल्शियम व बायकार्बोनेट समतोल भरून काढण्याची पद्धत मांडली. ह्या तिन्ही पायऱ्यांना शास्त्रीय आधार आहे, कारण सांगाडा बांधताना प्रवाळ चुना खरोखरच खर्च करतो आणि तो खर्च मोजता येतो. लेश धातूंची मात्रा ठरवताना मात्र प्रश्न होता तो ‘निसर्गातील प्रमाण’ कोणते हा. तो आकडा दूषित नमुन्यांतून आला असेल, तर निसर्गाच्या नावाने टाकीत बंदराचे पाणी ओतल्यासारखे होते. तांब्याच्या बाबतीत हे घातक ठरते, कारण अपृष्ठवंशी प्राण्यांना ते विषारी आहे.

आणि रंगाचे काय? प्रवाळाचा तपकिरी रंग त्याच्या ऊतींत राहणाऱ्या सहजीवी शैवलांचा. हिरवा, निळा, जांभळा, गुलाबी हे रंग मुख्यतः प्रवाळाच्या स्वतःच्या प्रथिनांचे. शिमोमुरा ह्याने १९६२ साली जेलीफिशमधून वेगळे केलेले हिरवे अनुस्फुरक प्रथिन आणि १९९९ मध्ये प्रवाळवर्गीय प्राण्यांत सापडलेली त्याची भावंडे एकाच घराण्यातली. ह्या प्रथिनांचे वैशिष्ट्य असे की, त्यांतील रंगधारी गट प्रथिनाच्याच तीन ॲमिनो आम्लांपासून, केवळ ऑक्सिजनच्या साहाय्याने बनतो. त्यात एकही धातू नसतो. रक्ताच्या लालीत लोह आहे, पानाच्या हिरवाईत मॅग्नेशियम आहे. प्रवाळाच्या जांभळेपणात तसे काही नाही. हे प्रथिन किती बनेल हे बऱ्याच अंशी प्रकाशावर, विशेषतः निळ्या प्रकाशावर, अवलंबून असते. धातूचा थेंब सोडून रंग ‘घालता’ येतो, ही समजूत म्हणून टिकत नाही.

तथापि लेश द्रव्ये निरर्थक होत असे म्हणणे दुसऱ्या टोकाला जाणे होईल. शैवलांना प्रकाशसंश्लेषणासाठी लोह व मँगॅनीज लागतात; बंदिस्त टाकीत फेस काढणारी यंत्रे व शेवाळे ती द्रव्ये काढून घेतात; तेव्हा उणीव संभवते आणि ती भरणे रास्त आहे. स्ट्राँशियमची कथा निराळी. प्रवाळाच्या सांगाड्यात त्याचे प्रमाण सात-आठ हजार दशलक्षांश इतके भरते, म्हणून ते अत्यावश्यक असा बोलबाला झाला. वस्तुतः ते बव्हंशी कॅल्शियमच्या जागी आपोआप शिरते, आणि किती शिरते हे पाण्याच्या तापमानावर ठरते. ह्याच गुणामुळे जुने प्रवाळ आज भूतकालीन समुद्रतापमानाचे दप्तर म्हणून वाचले जातात.

चिंतेची बाब दुसरीच आहे. फॉस्फेट व नायट्रेट जवळजवळ शून्यावर आणले की प्रवाळ फिकट, मोहक छटांचे दिसू लागतात, आणि टाकीवाला ते आपल्या थेंबांचे यश समजतो. परंतु २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या वीडेनमान व सहकाऱ्यांच्या संशोधनात असे दिसले की, नायट्रोजन भरपूर असता फॉस्फेटची उपासमार झाली म्हणजे प्रकाश व उष्णता ह्यांच्या ताणाखाली प्रवाळ अधिक सहज विरंजित होतो. शैवले गमावलेला प्रवाळ सुंदर दिसतो. तो अर्धपोटी असतो. १९९८ आणि २०१६ साली समुद्रात जे विरंजन झाले त्याच्या प्रारंभीही काही प्रवाळ चमकदार रंगांचे दिसतात, हे निरीक्षण ह्या संदर्भात विसरू नये.

आपल्या विद्यार्थ्यांनी ह्या विषयाकडे वळताना कायद्याचे भान ठेवणे अवश्य आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली भित्ती बांधणारे सर्व प्रवाळ घालण्यात आले. तेव्हा मालवणच्या सागरी अभयारण्यातला असो वा लक्षद्वीपचा, समुद्रातून प्रवाळाचा तुकडा उचलणे हा अपराध होय. वसईत राहणाऱ्यास समुद्र जवळ असूनही त्याचे पाणी वापरता येत नाही, ही आणखी एक अडचण. उल्हासच्या मुखाशी पाणी गढूळ, पावसाळ्यात खारेपणा फार घसरलेला, आणि नदीकाठच्या उद्योगांचे सांडपाणी त्यात मिसळलेले. अशा पाण्यात लेश धातू कमी नसतात. ते नको तेवढे असतात. तरीही मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर, हाजी अली व वरळी येथे, प्रवाळ वाढत होते. २०२० साली किनारी रस्त्याच्या कामापूर्वी त्यांच्या १८ वसाहती उचलून दुसऱ्या जागी लावण्यात आल्या. त्या गढूळ पाण्यात तांबे, जस्त आणि लोह नेमके किती होते, आणि त्यांपैकी किती ह्या प्रवाळांच्या सांगाड्यांत उतरले, हे मोजण्यासारखे आहे. त्यासाठी स्वच्छ बाटली व धूळरहित खोली आधी हवी.