घायपाताचा दांडा कापायला उशीर झाला होता

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक घायपात होतं. पिवळ्या काठांची, करवती पानं. पंधरा वर्षं त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग एका उन्हाळ्यात मधोमध मनगटाहून जाड दांडा निघाला आणि महिन्याभरात पहिल्या मजल्याच्या गॅलरीशी पोचला. ग्रुपवर फॉरवर्ड आलं, ‘हे फुललं की मरतं, दांडा कापा, वाचेल.’ कापला. घायपात वर्षभरात वाळून गेलं ते गेलंच.

हे झाड मूळचं मेक्सिकोचं. तिथल्या एखाद्या जुन्या जाणत्याने आम्हाला सांगितलं असतं, ‘उशीर केलात, आणि अपेक्षाही चुकीची धरलीत.’

कारण घायपाताला वाढीचा कोंब एकच. सगळी पानं त्याच गाभ्यातून फुटतात. दहा ते तीस वर्षं ते पानांच्या बुडात साखर साठवतं आणि एके दिवशी तो कोंबच फुलोऱ्याचा दांडा होतो. आता नवं पान कुठून येणार? दांडा कापला तरी झाड मागे फिरत नाही. (शंभर वर्षांतून एकदा फुलतं, ही अतिशयोक्ती.) लिनियसने 1753 मध्ये त्याला ‘अगावे’ हे नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘थोर’.

मेक्सिकोत घायपाताच्या थोरल्या भावंडांना मागेय म्हणतात. ती कधी कापायची हे तिथे शतकानुशतकं पोटापाण्याचं ज्ञान होतं. दांडा दिसायची वाट पाहायचीच नाही. आठ-दहा वर्षांचं झाड झालं की गाभ्यावर नजर ठेवायची. आतली पानं बारीक, सरळ होऊ लागली, मधला सुळका निमुळता झाला, की कोंब खरवडून काढायचा. स्पॅनिशमध्ये या कामाला जो शब्द आहे, त्याचा अर्थ आपल्याकडे बैलाला करतात तोच, खच्ची करणं. मग झाड काही महिने तसंच ठेवायचं. नंतर गाभा उकरून वाडग्यासारखा खळगा करायचा. फुलांसाठी जमवलेला गोड रस तिथे पाझरतो.

तो गोळा करणारा त्लाचिकेरो दिवसातून दोनदा येतो. लांबट भोपळ्याची पोकळ नळी खळग्यात घालून तोंडाने रस ओढून घेतो, खळगा पुन्हा खरवडतो आणि वर झाकण ठेवून पुढच्या झाडाकडे जातो. खरवडलं नाही तर जखम भरते आणि रस आटतो. एक झाड तीन ते सहा महिने रोज काही लिटर देतं, मग मरतं. ताजा रस म्हणजे आपली नीरा समजा. आंबला की पुल्के, म्हणजे ताडी.

साहजिकच त्यावर सत्तेचा डोळा होता. अझ्टेक लोकांची मागेयची देवता होती, मायावेल. पण पिण्यावर कडक बंधनं. 1541 च्या सुमाराच्या मेंदोसा कोडेक्समध्ये दारू प्यायल्याबद्दल तरुणांना देहदंड दाखवलाय आणि सत्तरीच्या म्हातारीला मनसोक्त पिताना. स्पॅनिशांनी धर्माच्या नावाने नाकं मुरडली आणि करही घेतला. 1692 मध्ये मक्याच्या टंचाईने चिडलेल्या जमावाने मेक्सिको शहरात व्हाइसरॉयचा वाडा जाळला. सरकारने खापर फोडलं पुल्केवर आणि बंदी घातली. ती काही वर्षांतच उठली. 1873 मध्ये वेराक्रूसपर्यंतची रेल्वे पुरी झाली, तेव्हा आपानच्या माळावरच्या हसिएंदांचा पुल्के गाडीत भरून राजधानीत येत होता. पुढे बिअरने त्याला मागे टाकलं.

टकीलात रस काढत नाहीत, पानं छाटून अख्खा गड्डाच भाजतात. पण दांडा तिथेही आधीच उडवतात, नाहीतर साखर वर चढते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे चोख आहे. पण ही फुलं रात्री उमलतात आणि त्यांच्या मकरंदावर वटवाघळं जगतात. अमेरिकेने 1988 मध्ये त्यातल्या एका जातीला संकटग्रस्त ठरवलं. 2018 मध्ये ती यादीतून बाहेर आली. दरम्यान फुलंच नाहीत म्हणून बियाही नाहीत. मळे बुडाशी फुटलेल्या पिल्लांवर, म्हणजे एकाच झाडाच्या नकलांवर उभे राहिले, आणि नकला रोगाला एकदम बळी पडतात. आता काही उत्पादक शेतातली पाच टक्के झाडं फुलू देतात. मला हा सौदा थोडका वाटतो, पण नसण्यापेक्षा बरा.

आपल्याकडे घायपात बांधावर कुंपण म्हणून रुजलं. मराठवाड्यात केकताड म्हणतात, त्याच्या वाकाचे दोर वळतात. कुंडीतल्या घायपाताला कात्री लावायचीच असेल तर फक्त पूर्ण वाळलेलं खालचं पान, बुडाशी, आणि पावसाळा सोडून. ओली जखम कुजते. हिरव्या पानाचं टोक कापलं तर ते पुन्हा वाढत नाही, तपकिरी ठुटका तसाच राहतो. रसात सुईसारखे स्फटिक असतात, अंगाला भयंकर खाज सुटते, म्हणून जाड हातमोजे घाला. मुलं खेळत असतील तर फक्त काट्याचं टोक छाटा.

फाटकाशी आता चार पिल्लं आहेत. कमिटीला ती उपटून टाइल्स बसवायच्यात. दोन मी बादलीत लावून गच्चीवर नेली, उरलेल्या दोघांसाठी रविवारी मीटिंग आहे.